‘असंल की हितंच कुठंतरी’ हे हँगरमध्ये चालत नाही

आमच्या आबांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल मशीन. खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून फरशीवर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. मांडायचं काम माझ्याकडं असायचं. आणि दरवर्षी त्या एकाच दिवशी कळायचं की १६-१७ चा पाना नाही, नाहीतर बारीक कानस गायब आहे. “आबा, पाना दिसत नाही,” म्हटलं की उत्तर ठरलेलं. “असंल की हितंच कुठंतरी.”

लेथवाल्याला ते परवडतं. पाना चिपांच्या ढिगात सापडतो, शेजारच्या शेडमध्ये सापडतो, नाहीच सापडला तर लक्ष्मीपुरीतून नवा आणतात. पुढं मी डिप्लोमा करून कोल्हापूर सोडलं आणि विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची तेरा टूल क्रिबच्या जाळीमागं, हत्यारं देण्या-घेण्यात गेली. तिथं ‘हितंच’ म्हणजे नेमकं कुठं, हा प्रश्न सुटल्याशिवाय विमान जागचं हलत नाही.

आता मी परत आले आहे. आबांच्या त्याच शेडमध्ये दर रविवारी सहा-सात पोरापोरींना हत्यारांचा हा हिशोब शिकवते. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली झाला. तिथं उतरणारी विमानं बघत मोठी झालेली ही पोरं आता कुठल्या ना कुठल्या हँगरमध्ये नोकरीला निघाली आहेत. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

हुपरीच्या माणसाला यातलं मूळ वेगळं सांगावं लागत नाही. चांदी कारागिराला वजन करून देतात, दागिना वजन करून घेतात आणि मधली घट वहीत लिहितात. आमची पद्धत तीच, फक्त आमच्या वहीत घटीचा रकाना नसतो.

राहिलेलं हत्यार काय करतं

विमान स्थिर नसतं. ते थरथरतं, वर चढतं, खाली येतं, एका अंगावर कलतं. जमिनीवर कोपऱ्यात निपचित पडलेला पाना हवेत गेल्यावर सरकत सरकत कंट्रोल केबलच्या पुलीपाशी किंवा हलणाऱ्या रॉडच्या वाटेत जातो आणि वैमानिकाच्या हातातलं कंट्रोल अडकतं. वायरिंगच्या जुडग्यावर टेकून बसला तर घासून घासून तारेवरचं आवरण काढतो. इंजिनच्या तोंडाशी राहिला तर हवेबरोबर आत ओढला जातो आणि वेगानं फिरणाऱ्या पात्यांवर आपटतो. २०२३ साली अमेरिकेतल्या ल्यूक हवाई तळावर एफ-३५ लढाऊ विमानाच्या इंजिनात हातातला टॉर्च असाच ओढला गेला. नुकसान जवळजवळ ४० लाख डॉलरचं. हातात मावणारी, रोज वापरायची वस्तू.

यादीपासून सुरुवात

पहिलं काम कागदाचं. पेटीत काय काय आहे याची यादी करा आणि झाकणाच्या आत चिकटवा. नवीन माणूस इथं एक चूक हमखास करतो, तो लिहितो: “गोटी पाना सेट, १ नग.” हे खोडा. सेट हरवत नाही, सेटमधली १० नंबरची गोटी (सॉकेट) हरवते. दहा गोट्या, एक रॅचेट, दोन एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट असे चौदा नग लिहा. फीलर गेज (फट मोजायचं, पातळ पानांचं हत्यार) असेल तर त्याची पानं मोजून आकडा लिहा. टॉर्चसमोर बॅटऱ्या किती, काच आहे का, मागचं टोपण आहे का हे लिहा. ज्या हत्याराचा सुटा होणारा भाग आहे, त्याचा प्रत्येक भाग यादीत वेगळा आला पाहिजे. टेलिस्कोपिक आरशाची काच चौकटीतून निखळते, म्हणून मी आरसाही दोन नग धरायचे.

मग प्रत्येक हत्यारावर पेटीचा नंबर आणि हत्याराचा नंबर कोरा. आमच्याकडं ‘के ७-२३’ म्हणजे सातव्या पेटीतला तेविसावा नग. कोरायला इलेक्ट्रिक एन्ग्रेव्हर पेन मिळतं. कोरताना पान्याचा जबडा, मोजमापाच्या हत्याराची मापाची बाजू आणि धार टाळा. मार्करनं लिहू नका, हायड्रॉलिक तेल आणि सॉल्व्हंटनं दोन दिवसांत पुसून जातं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला लावायच्या बिटांसारख्या बारक्या वस्तूंवर नंबर मावत नाही. त्यांच्या पट्टीवर नंबर घाला आणि पट्टीला बिटा किती ते यादीत लिहा.

हा नंबर कशासाठी, ते आधीच सांगून टाकते. एखाद्याची गोटी हरवते, तो घाबरतो, बाहेरच्या दुकानातून तसलीच गोटी आणून खाचेत ठेवतो. पेटी भरलेली दिसते, सही होते आणि जुनी गोटी विमानात बसून उडते. हँगरमधली याहून वाईट चूक मला माहीत नाही. कोरलेला नंबर असला की बाजारातली गोटी लगेच ओळखू येते.

खाचा

पेटीत दोन रंगांचा दाट फोम घालायचा. वर काळा, खाली पिवळा किंवा लाल. हत्यार वरच्या फोमवर ठेवून बॉलपेननं त्याची कड काढायची, रेघेच्या किंचित आतून ब्लेडनं कापायचं म्हणजे हत्यार घट्ट बसतं. बोट घालून उचलायला प्रत्येक खाचेच्या कडेला अर्धगोल ठेवा, नाहीतर पोरं स्क्रू ड्रायव्हरनं उपसून काढतात आणि फोम फाटतो. हत्यार उचललं की खालचा पिवळा रंग दिसला पाहिजे. रात्रपाळीला, डोळ्यांवर झोप असताना, हा पिवळा रंग फार उपयोगी पडतो.

एका खाचेत एकच हत्यार. ‘किरकोळ सामान’ नावाचा कप्पा करू नका. मी ज्या ज्या पेटीत असा कप्पा बघितला, त्या त्या पेटीचा हिशोब तिथंच फसला होता. भिंतीवरच्या बोर्डासाठी साधा प्लायवूड चालतो. त्यावर हत्याराची सावली गडद रंगात रंगवायची आणि खाली नंबर लिहायचा.

देणं आणि घेणं

प्रत्येक तंत्रज्ञाकडं त्याच्या नंबरचे पितळी बिल्ले असतात. हत्यार न्यायचं तर त्याच्या जागी बिल्ला अडकवायचा. बोर्डाकडं बघितलं की कुठलं हत्यार कुणाकडं आहे ते वही न उघडता कळतं. आता बऱ्याच ठिकाणी बारकोड आणि स्कॅनर आले आहेत. पण स्कॅनरला हत्याराचा नंबर वाचता येतो, त्याचं टोक तुटलंय का ते दिसत नाही. ते बघायला माणूस लागतो.

नोंदीत चार गोष्टी हव्यात: कोण, कुठलं हत्यार, किती वाजता, आणि कुठल्या विमानासाठी. चौथ्या गोष्टीवर मी फार भांडले आहे. “ताई, लिवा की काहीही, आत्ता आणून देतो,” असं म्हणणारे खूप भेटले. विमानाचं रजिस्ट्रेशन आणि जॉब कार्डाचा, म्हणजे त्या कामाच्या कागदाचा, नंबर सांगितल्याशिवाय मी जाळीतून हात बाहेर काढायचे नाही. हँगरमध्ये तीन विमानं उभी असतात. संध्याकाळी एक पक्कड कमी भरली, तर त्यातलं कुठलं थांबवायचं? नोंद असेल तर एक थांबतं. नसेल तर तिन्ही थांबवावी लागतात.

आणि स्वतःच्या बिल्ल्यावर घेतलेलं हत्यार मित्राला परस्पर द्यायचं नाही. त्याला हवं असेल तर दोघांनी क्रिबवर यायचं, एकाचा बिल्ला निघेल, दुसऱ्याचा लागेल. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

घरून आणलेली हत्यारं, बाहेरच्या कंत्राटदाराची पेटी यांनाही दारातच यादी लागते. आत जाताना मोजायची, बाहेर पडताना मोजायची.

विमानापाशी

काम सुरू करायच्या आधी खिसे रिकामे करा. नाणी, पेन, मोबाईल, किल्ल्या, बसचं तिकीट. इंजिनच्या तोंडात शिरणाऱ्यानं अंगठी, घड्याळ, ओळखपत्राची दोरी काढून बाहेर ठेवायची. पोरींना मी वेगळं सांगते: बांगड्या, कानातलं लॉकरमध्ये ठेवा आणि केसात आकडे अजिबात नकोत, रबर बँड लावून वर टोपी घाला. मी स्वतः बावीस वर्षं आकडा लावला नाही. केसातला आकडा कधी सुटून पडला ते त्या बाईलाही कळत नाही, आणि यादीत तो नसल्यानं त्याला कुणी शोधतही नाही.

हत्यारं पंखावर, पायरीवर, पॅनलच्या (विमानाच्या अंगावरच्या झाकणाच्या) कडेवर ठेवू नका. ट्रे घ्या. उंचावर किंवा उघड्या खोबणीवर काम असेल तर हत्याराला दोरी बांधून मनगटाला अडकवा.

हत्यारांइतकीच काळजी फुकट वाटणाऱ्या वस्तूंची घ्या, कारण त्यांच्याकडं कुणी बघत नाही. पुसायची फडकी मोजून द्यायची आणि मळकी झाली तरी मोजूनच परत घ्यायची. फडकं फाडून दोन करायचं नाही, दहा दिली तर दहाच यायला हवीत. लॉकवायर (नटबोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार) कापताना सुटं टोक दुसऱ्या हातानं धरा, मग पक्कड दाबा. नाहीतर ते टोक टुणकन उडतं आणि कुठं गेलं ते सापडत नाही. स्प्लिट पिनचे कापलेले पाय, रिव्हेटचे तुटके दांडे, ड्रिलचा कीस यांसाठी कमरेला डबी बांधा. काढलेले जुने नटबोल्ट लेबल लावलेल्या पिशवीत ठेवा आणि किती काढले ते पिशवीवर लिहा. नवे तितकेच बसले का, हे त्यावरूनच कळतं.

मोजायचं कधी आणि कसं

पाळी सुरू होताना, जागा बदलताना, पॅनल बंद करायच्या आधी, पाळी बदलताना, इंजिन चालू करायच्या आधी आणि शेवटच्या सहीच्या आधी. यातलं एकच नीट जमणार असेल तर ‘पॅनल बंद करायच्या आधी’ हे जमवा. पॅनल उघडं असतं तोवर हरवलेली वस्तू शोधायला पाच मिनिटं लागतात. एकदा चाळीस स्क्रू लागले की माणसाचं मन शोधायला तयार होत नाही.

मोजायला दोघं लागतात. एकानं यादी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं त्या हत्याराला हात लावून “आहे” म्हणायचं. नुसतं लांबून बघून म्हणायचं नाही. आणि हात लावताना ते धड आहे का तेही बघायचं: रॅचेटच्या मागचे स्क्रू जागेवर आहेत का, ब्लेडचं टोक शाबूत आहे का, बिटचे चारही काने पूर्ण आहेत का.

हे एवढं का सांगते, त्याला कारण आहे. एका रात्री सव्वातीनला मिरजेकडचा एक पोरगा हत्यारं जमा करायला आला. पंखाच्या खालची पॅनलं लावून झाली होती, विमान सकाळी सहाला निघायचं होतं. आकडा बरोबर होता, एकही नग कमी नव्हता. मी सवयीनं फिलिप्स बिट (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाची) भिंगाखाली धरली. चारपैकी एक काना नव्हता. तुटल्याची जागा चकचकीत पांढरी, म्हणजे तूट त्याच रात्रीची. जुनी तूट काळवंडलेली असते. तुकडा असेल तांदळाच्या कणीएवढा.

पोरगा घाबरला. त्याला खरंच कळलं नव्हतं. मी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “बाळा, बिट घसरल्यासारखी कुठं वाटली?” तो डोळे मिटून बसला आणि म्हणाला, मागच्या कडेच्या पॅनलला एक स्क्रू फार आखडला होता, तिथं दोनदा घसरली. तेवढ्यात एक वरिष्ठ आले आणि म्हणाले, एवढ्याशा कणासाठी विमान अडवता का? मी त्यांना सांगितलं, कणी फ्लॅप (पंखाच्या मागची हलणारी फळी) हलवणाऱ्या यंत्रणेच्या खोबणीत गेली असेल तर मला ती बघायची आहे, आणि तुमच्या सहीवर विमान सोडायचं असेल तर कागदावर कारण लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं नाही.

पॅनल पुन्हा उघडलं. आधी फक्त टॉर्च आणि आरसा, कशालाही हात न लावता. मग चुंबकाची लांब दांडी. पावणेसहाला, ग्रीसच्या एका ओघळात रुतलेली ती कणी दांडीच्या टोकाला चिकटून आली. पण तेवढ्यावर थांबलो नाही. कणी बिटच्या तुटक्या जागेला लावून भिंगाखाली बघितली, कडेला कड जुळली. मग ती आणि बिट एका पाकिटात घालून जॉब कार्डाला टाचली आणि हिशोब मिटवला. विमान दीड तास उशिरा गेलं.

म्हणून तुटलेलं हत्यार परत करताना त्याचे सगळे तुकडे परत करायचे आणि ते जोडून बघायचे. तुकडा कमी असेल तर अख्खं हत्यार हरवलं असं धरून पुढचं सगळं करायचं.

सापडत नसेल तर

हात थांबवा. लगेच सांगा, आधी स्वतः तासभर शोधून मग नव्हे. विमानावर लाल फलक लावा, इंजिन चालू करायचं नाही, विमान ओढायचं नाही, उघडी पॅनलं बंद करायची नाहीत. हत्यार शेवटचं कधी, कुणी, कुठं वापरलं ते लिहून काढा. मग शोध माणसापासून सुरू करा: डांगरीचे खिसे, पायाची दुमड, बुटांची घडी, कमरेची डबी. त्यानंतर ट्रे, ट्रॉली, शिडी, जमीन, कचऱ्याचा डबा. मग विमान, शेवटच्या कामाच्या जागेपासून बाहेरच्या दिशेनं. जिथं डोळा पोचत नाही तिथं आरसा आणि बोरोस्कोप, म्हणजे आत घालून बघायची बारीक नळीची दुर्बीण. शोधलेल्या प्रत्येक जागेपुढं शोधणाऱ्याची सही घ्या, नाहीतर दहा जण एकच कोपरा बघतात आणि शेजारचा तसाच राहतो.

इतकं करूनही सापडलं नाही तर विमान सोडायचं की नाही हे तंत्रज्ञानं ठरवायचं नसतं. ते अधिकार असलेल्या माणसानं, गुणवत्ता विभागाला बरोबर घेऊन, लेखी ठरवायचं. हत्यार विमानात नाही याची खात्री कशी केली ते त्या कागदावर आलं पाहिजे.

हे कागद नुसते औपचारिक वाटतात, पण क्वांटासच्या ए-३८० चं उदाहरण बघा. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला त्या विमानाच्या इंजिनची बोरोस्कोप तपासणी झाली. इंजिन हातानं फिरवायचं सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार आतच राहिलं. १ जानेवारी २०२४ ला ते सापडलं तोवर विमानानं ३४ उड्डाणं केली होती, २९४ तास. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेच्या अहवालात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही: हत्यार जमा झालेलं नव्हतं, तरी हरवलेल्या हत्याराची कार्यवाही सुरू न करताच विमान सोडण्याची सही झाली होती. म्हणजे रिकामी जागा होती, ती बघायची पद्धतही होती. सव्वा मीटर म्हणजे आमच्या शेडच्या खिडकीएवढी लांबी. पोरांना मी तेवढी काठी हातात देऊन दाखवते.

आता सांगणाऱ्याविषयी. हत्यार हरवलं असं जो स्वतःहून येऊन सांगतो, त्याला त्या दिवशी एक शब्दही बोलायचा नाही. हे मी प्रत्येक सुपरवायझरला हात जोडून सांगत आले. एकदा एखाद्याला सगळ्यांसमोर झापलं, पगार कापला, की पुढच्या वेळी कुणी येत नाही. बाजारातून गोटी आणली जाते. चूक का झाली ते चार दिवसांनी शांतपणे विचारा. बहुतेक वेळा कारण पाळी लांबलेली असणं, उजेड कमी असणं किंवा मध्येच दुसऱ्या कामाला बोलावलं जाणं हेच निघतं.

मोजमापाची हत्यारं

थोडक्यात सांगते. टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोरानं नटबोल्ट आवळायच्या पान्यावर) कॅलिब्रेशनची, म्हणजे माप बरोबर असल्याच्या तपासणीची, तारीख बघितल्याशिवाय तो द्यायचा नाही, घ्यायचा नाही. मुदत संपलेला लाल पेटीत, कुलूप लावून. क्लिक पद्धतीचा रेंच काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग ताणात राहत नाही. आणि तपासणीत रेंच चुकीचा निघाला तर तो मागं कुठल्या कुठल्या विमानावर वापरला ते काढावं लागतं. तेव्हा ती चौथी नोंद पुन्हा उपयोगी पडते.

घरी सराव

नोकरी लागायची वाट बघू नका. घरातली, गॅरेजमधली कुठलीही पेटी घ्या, दुचाकीची चालेल. रविवारी यादी करा आणि पुढचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून तारीख, वेळ, आकडा वहीत लिहा. आमच्या शेडमधल्या पेटीत ४६ नग आहेत. आबा आता ८१ वर्षांचे आहेत, संध्याकाळी यादी तेच वाचतात आणि पोरं हात लावून “आहे” म्हणतात.

पहिल्या आठवड्यात तुमचा आकडा बहुतेक जुळणार नाही. हत्यारं जागेवर असतील आणि यादीच चुकलेली असेल, एखादी बिट लिहायची राहिली असेल किंवा एखादी गोटी दोनदा लिहिली असेल. यादी नव्यानं करा, तिच्यावर तारीख घाला आणि झाकणावरची जुनी काढून टाका. एका पेटीत दोन याद्या राहू देऊ नका.